ट्रॉलीभर माती

"ज्या गाळानं माझी खोली पाडली, त्याच गाळाच्या भिंतींत मी झोपू?" असं म्हणून सासूबाईंनी उशी काखेत मारली आणि त्या ओटीवर जाऊन आडव्या झाल्या.

पुरात आमची मागची खोली गेली होती. आता नदीतून उपसलेल्या गाळात थोडं सिमेंट मिसळून आम्ही गावच्या बायका विटा पाडतो. त्याच विटांनी मी ती खोली पुन्हा उभी केली, खास त्यांच्यासाठी. त्या मात्र नाकाला पदर लावून उंबऱ्याबाहेरूनच बघायच्या. वास येत नाही, हे मी वीट हुंगून दाखवलं. तरी नाहीच. म्हटलं, झोपा डासांत.

गणपती विसर्जन करून आलो. रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर नदीतली मूठभर माती आणली होती. बरकत राहावी म्हणून ती घरभर टाकायचा मान सासूबाईंचा. देवघर, स्वयंपाकघर, माजघर करत त्या मागच्या खोलीच्या दारात आल्या आणि चिमूट हातातच राहिली. त्यांनी पाटावरच्या मातीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग पहिल्यांदाच आत शिरल्या आणि विटेवरून हळूच बोट फिरवलं.

"इथं नाही टाकणार?" नवऱ्यानं विचारलं.

"इथं कशाला? मी जन्मभर मूठभर आणत आले. हिनं ट्रॉली भरून आणल्येय." माझ्याकडे न बघताच त्यांनी चिमूट पाटावर परत सोडली. "जा, माझी उशी आण. ओटीवर डास फार."