खोली वाढवायची आहे

दाबकेकाकू फोनवर म्हणाल्या होत्या, "आमची खोली वाढवायची आहे." म्हणून सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्या सांभाळणाऱ्या वृषालीने मुदत वर्षभर वाढवून टाकली.

काकू आल्या तेव्हा चूक कळली. "अगं, वाढवायची म्हणजे बंद करायची. दुकान वाढवतात ना, तशी."

आत नातवंडासाठी जपलेला सागवानी पाळणा होता. "लेकच गेला. आता तुमच्या त्या 'पुन्हा वापरा'च्या कोपऱ्यात ठेव. कुणाच्या तरी घरी हलेल."

वृषालीचा हात नकळत पोटावर गेला. काकूंनी ते पाहिलं.

"कितवा महिना गं?"

"पाचवा."

काकूंनी पदराने पाळण्यावरची धूळ पुसली. "जन्माआधी पाळणा घरी नेऊ नये. तोवर राहू दे इथेच."

त्यांनी पुन्हा कुलूप घातलं.

"वाढव खोली. तुझ्या अर्थाने."