पट्ट्यांचा मासा

महिपत अंगणात आला तेव्हा कुसुमबाई कापसातला पाला काढत बसली होती. तिला टाकल्यापासून तो या दारात आला नव्हता. आज त्याच्या कडेवर दुसरीची पोर होती, ओवी.

"जान्हवी हैदराबादेहून आली म्हणे. फेफऱ्यासाठी मासे पाळते. हिलेबी झटके येऊन राह्यले. सकाळपासून उपाशी ठेवली. एक मासा द्या, जिताच गिळवतो."

मृगाला हैदराबादेत दम्यासाठी तसा मासा गिळवतात. त्याने तेच धरलं होतं.

"हा गिळायचा नसतो," जान्हवी आतून येत म्हणाली. बापाला हाक न मारता तिने मोबाइल पुढे धरला. ताटलीतल्या पाण्यात नखाएवढा पट्ट्यांचा मासा. वर दिवा लागला. मासा सुसाट फिरला, आडवा झाला आणि थरथरत राहिला.

"काय झालं त्याले?"

"फेफरं. गावच्या शिबिरात तुमचं, आईचं, ओवीचं रक्त घेतलं होतं. तुमच्यात जो दोष सापडला तोच आम्ही या माशात घातला. ओवीतही तोच आहे."

"अन् हिच्यात?" त्याने कुसुमबाईकडे बोट केलं.

"आईत नाही."

कुसुमबाईचा हात थांबला. तिचा मुलगा लखन झटका येऊन विहिरीत पडला, तेव्हा याच माणसाने भर बैठकीत सांगितलं होतं, खोट बाईच्या घराण्यात आहे.

"बैठक बसवा," ती म्हणाली. "तिथंच बोला, खोट माही होती म्हणून. मंग पोरीचं औषध."

"आई, औषधाला कसली अट? मी उद्याच तिला मंचेरियलच्या दवाखान्यात नेते."

"नेजो. हे बैठकीत बोलून आल्यावर."

महिपतने ओवीला कडेवर सावरलं. "लोकाईले कळलं तं ओवीले कोण करून घेईन, कुसुम?"

"माह्या घराण्याले खोट लावली तवा जान्हवी काय पोरगा होती?"

ओवी अजून मोबाइलकडेच पाहत होती.

"मरते का हा?"

"नाही गं. पोहतो परत."

कुसुमबाईने ओवीला त्याच्या कडेवरून उतरवून घेतलं. "पोरगी इथं जेवंल. तुमी निघा."

महिपतने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि तो चावडीच्या वाटेला लागला. तो कुडाच्या फाटकाशी पोहोचला तेव्हा कुसुमबाईने मागून आवाज दिला.

"मोठ्यानं बोला. बाया मांगं बसतात."