कोरा चेहरा

पेडणेकर माझ्या केबिनमध्ये आला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. चेहरा कोरा. खाली ऑपरेशन थिएटरमध्ये त्याने नुकतंच माझ्या बायकोचं ऑपरेशन केलं होतं. मी तिथे दाराशी लुडबुड करतो म्हणून सिस्टरांनी मला वर हाकललं होतं.

डॉक्टरने तोंड उघडायच्या आत नातेवाईक त्याची चाल वाचतात, चेहरा वाचतात. म्हणून मीच पेडणेकरला घोटून शिकवलं होतं, की बातमी बरी असो वा वाईट, दाराबाहेर थांबून दम खायचा, चेहऱ्यावर काही आणायचं नाही, आधी बसायचं आणि मग बोलायचं.

मी त्याचे डोळे पाहिले, खांदे पाहिले, बोटं पाहिली. काही हाती लागेना. पोरगा फारच चांगला शिकला होता. मग मी टेबलावरून हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. श्वास आवरता येतो, नाडी आवरता येत नाही. ती नुसती धावत होती.

मी चष्मा काढून ठेवला. "किती वाजता गेली?"

"कोणी गेलेलं नाही, सर," पेडणेकर म्हणाला. "लिफ्ट बंद आहे, चार मजले धावत चढून आलो. मॅडम शुद्धीवर आल्यात. ह्यांनी सिस्टरांना त्रास नाही ना दिला, म्हणून विचारत होत्या."

मी त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"मग हे दारातूनच ओरडायचं ना, गाढवा," मी म्हटलं.