ब्रेकवरचा पाय

"आत्ता," शेजारच्या सीटवरून नृसिंह गुरुजी म्हणाले.

कानिफनाथच्या पायाखाली ब्रेकचं पेडल थरथरलं. स्टेअरिंगही हातात नाचलं. उतार संपला, वेग उतरला आणि सगळं पुन्हा शांत. पुढच्या वळणावर त्यानं मुद्दाम ब्रेक दाबला. काहीच नाही. त्याच्या पुढच्या उतारावर पुन्हा थरथर.

"गावात फिरवून कळायचंच न्हाई," तो म्हणाला. "ब्रेक तापला की धरतंय. कधीपासून हाय हे?"

"रंगपंचमीनंतर."

रंगपंचमीच्या संध्याकाळी गुरुजींची बायको, इंदूताई, पारनेरबाहेर याच रस्त्याच्या कडेला मरून पडली होती. कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. रानात पाणी देणाऱ्या एका बाईनं लांबून एवढंच पाहिलं, की गाडी करकचून थांबली, मागचे लाल दिवे बराच वेळ पेटलेले राहिले, कुणी उतरलं नाही, मग ती निघून गेली. गाडी काही सापडली नाही. कानिफनाथ त्या दिवशी मढीच्या यात्रेत होता. नावच तिथल्या देवाच्या नवसाचं, त्यामुळं दरवर्षी जावंच लागे.

"इतके महिने तशीच चालवली व्हय, गुरुजी?"

"हो. दुरुस्ती नंतर कर. आधी कारण सांग."

फळ्यापाशी उभं करून गणित विचारायचे, तोच आवाज.

गॅरेजात त्याचा धाकटा भाऊ सहादेव एका टेम्पोचं दार पॉलिश पेपरनं घासत होता. डेंटिंग-पेंटिंग त्याच्याकडे. पूर्वी गाड्यांच्या ट्रायलही तोच घ्यायचा, हौसेनं. उन्हाळ्यापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. चक्कर येते म्हणायचा. आजही कानिफनाथनं "तू चालव, मी ऐकतो" म्हटल्यावर त्यानं नुसती नकाराची मान हलवली होती.

"आलो बघ चालवून," कानिफनाथ त्याला म्हणाला. "तू बस दार कुरवाळत. त्याच्याशीच लगीन लावून देतो तुझं."

सहादेव हसला नाही. खरखर चालू राहिली.

कानिफनाथनं जॅक लावून पुढचं चाक काढलं. बेअरिंग घट्ट होतं. डिस्क वाकडी नव्हती. ती त्यानं हातानं सावकाश फिरवली आणि एका जागी थांबवली. चकचकीत लोखंडावर निळसर काळा डाग होता, नेमका ब्रेक पॅडच्या आकाराचा. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं. तिथंही तसाच.

उठताना त्याचा हात बंपरवरून गेला. एका कोपऱ्यात रंग किंचित जाड लागला. डोळ्याला दिसणार नाही, बोटालाच कळावं, इतकं सफाईदार काम. गुरुजींनी त्याला या बंपरबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

त्यानं बोट पुन्हा एकदा त्याच जागेवरून फिरवलं.

गुरुजी स्टुलावर ताठ बसले होते. ज्यांनी आपल्याला पाटीवर हात धरून लिहायला शिकवलं, ते हेच. त्या संध्याकाळी ते कुठं होते, हे गावात कुणी विचारलंच नव्हतं. कोण विचारणार?

"सापडलं?"

"डिस्कवर पॅडचा शिक्का उठलाय, गुरुजी. तेवढी जागा पॅडखाली आली की धरती. म्हणून थरथर."

"शिक्का कशानं उठतो?"

कानिफनाथनं फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"जोरात असलेली गाडी एकदम करकचून थांबवली, की पॅड आगीगत तापतंय. लगेच पाय काढला तर काय होत न्हाई. पर थांबल्यावरबी पाय तसाच दाबून धरला, तर तापलेलं पॅड एकाच जागी चिकटून ऱ्हातं."

"म्हणजे थांबला, पण उतरला नाही."

"व्हय."

ब्रेकचे लाल दिवे पेडलवर पाय असेतोवरच पेटतात. हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

मागची खरखर थांबली होती.

कानिफनाथ गुरुजींजवळ उकिडवा बसला. आवाज खाली आणला.

"मी कुणापाशी बोलणार न्हाई. पर खरं सांगा. त्या दिवशी गाडी घेऊन कुठं निघाला हुता तुमी?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर टेम्पोच्या दाराकडे होती.

"गाडी सर्व्हिसिंगला इथंच होती, कानिफ. तू पहाटेच मढीला गेलेला, मी नंतर आणून सोडली. मी फोन केला, तर सहादेव म्हणाला, ट्रायलला काढलीय, आणतोच. म्हणून तर इंदू पायी निघाली."