निम्मी भुकटी

धुळाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. माझा हा जुना विद्यार्थी जतला पाण्याची टाकी बांधत होता. 'गुरुजी, निम्म्या सिमेंटाऐवजी बाभळीच्या कोळशाची भुकटी घालतोय. चुकत असेल तर कळवा.' प्रमाण जास्त वाटलं, पण खात्री होईना. महिनाभर पुस्तकं चाळत राहिलो.

काल तो भेटायला आला. "टाकी न्हवं, चाळण झाली गुरुजी. टँकरचं पानी सांजंपातूर झिरपून गेलं."

"माझ्या उत्तरासाठी थांबायचं होतंस रे."

"थांबलो की म्हैनाभर. तुमी नको म्हनला न्हाई, म्हंजे बरोबरच आसंल म्हनलं."

तो गेल्यावर उत्तर लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं: 'निम्मी भुकटी फार होते. मला तेव्हाच वाटलं होतं.'