साडूपेक्षा उंच

ड्रायव्हरच्या सीटवर बसून केमिस्टनं काच खाली केली आणि बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्यापेक्षा बोटभर उंच होती. तिचा भांग त्याला आज पहिल्यांदाच वरून दिसला.

"कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"चढायला स्टूल लागेल मला," ती म्हणाली.

शोरूममधली ती सगळ्यात मोठी गाडी होती. काळी, रुंद, चाकं त्याच्या कमरेला लागतील अशी. अशीच एक गेल्या वर्षी त्याच्या साडूनं घेतली होती. तेव्हापासून सासरी गेलं की सगळे आधी अंगणात जाऊन त्या गाडीभोवती फेरी मारत, आणि केमिस्टची जुनी गाडी मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली लागे. साडूबद्दल त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ती दोरी डोक्यातून जात नव्हती.

बायकोनं घरी बरंच समजावलं होतं. घर ते दुकान, दुकान ते बालवाडी, एवढीच आपली धाव. बालवाडीत ती स्वतःच शिकवत होती आणि त्यांची तीन वर्षांची ठकूही तिथंच जात होती. शेवटी तो म्हणाला होता की पोर झाल्यावर माणसानं सुरक्षेचा विचार करायला हवा. आता ठकूला आजीकडे सोडून दोघं इथं आली होती.

एक सेल्समन त्यांच्याकडे यायला निघाला होता. पण दुसऱ्या बाजूनं एक बाई येताना दिसल्या तसा तो आल्या पावली मागे वळला. बाई चाळिशीच्या असतील. बाह्या दुमडलेल्या, हातात दोन-तीन गाड्यांच्या किल्ल्या. त्यांनी गाडीचं कौतुक केलं नाही, चहा विचारला नाही. रोज कुठं कुठं जाता, एवढंच विचारलं.

केमिस्टनं सांगितलं. मग गल्ली केवढी, घरात माणसं किती, डोंगराबिंगरात जाणं होतं का, हेही त्यांनी विचारून घेतलं. डोंगराचं उत्तर देताना तो जरा अडखळला. बायकोनं दुसरीकडे पाहिलं.

"पण सुरक्षेचं काय?" तो म्हणाला. "आमची मुलगी लहान आहे."

"आत बसलेल्यांना गाडी सांभाळते, ते खरंच आहे," बाई म्हणाल्या. "बाहेरच्यांचं बघू या?"

त्यांनी त्याच्या बायकोला गाडीपुढं नेलं आणि बंपरला लागून, गाडीकडे तोंड करून फरशीवर बसायची विनंती केली. बायको निमूटपणे मांडी घालून बसली. बालवाडीत तिला ती सवयच होती.

"समोर काय दिसतंय?" बाईंनी खिडकीशी येऊन विचारलं.

केमिस्टनं मान उंच केली. लांबलचक काळं बॉनेट दिसत होतं, त्यापलीकडे काचेचा दरवाजा, रस्ता, रस्त्यावरचा दिव्याचा खांब. तो सीटवरून अर्धवट उठला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला.

"ती गेली कुठं?"

"इथंच आहे रे," पुढून आवाज आला. "हात हलवतेय."

हातही दिसत नव्हता. ठकू गाडीचा आवाज आला की धावत पुढं येते, हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही. तो सावकाश खाली उतरला.

बाईंनी त्याला कोपऱ्यातल्या छोट्या गाडीत बसवलं. बायको पुन्हा पुढं बसली. या वेळी तिचे केस दिसले, आणि ती वीतभर मागे सरकली तसं कपाळ आणि डोळे. डोळे हसत होते.

"ही पण डोळे मिटून चालवायची नाही," बाई म्हणाल्या. "सुरू करण्याआधी खाली उतरून एकदा फेरी मारायची. रोज."

केमिस्ट भारावून गेला. जन्म काउंटरमागे गेलेला माणूस तो. महागाची वस्तू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या भल्यासाठी साधी वस्तू दाखवायची, तर केवढं काळीज लागतं हे त्याला माहीत होतं. त्याच्या दुकानात असं एक माणूस असतं तर त्यानं देव्हाऱ्यात बसवलं असतं.

छोटी गाडी ठरली. बायकोनं रंग निवडला. बाई "सांभाळून चालवा" म्हणाल्या आणि निघून गेल्या. आभार मानायचेसुद्धा राहिले.

सही करायला मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये गेल्यावर केमिस्टला राहवलं नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत, बाईंना बढती द्या, मी दहा जणांना तुमच्याकडे पाठवतो, असं तो भरभरून बोलत राहिला. मॅनेजर शांतपणे ऐकत होता.

"त्या इथं कामाला नाहीत," तो म्हणाला. "माझी बायको आहे. रविवारी येते."

केमिस्ट हसला, एका नवऱ्यानं दुसऱ्याकडे पाहून हसावं तसा. "म्हणजे घरचंच माणूस मोठ्या गाडीची गिऱ्हाइकं छोटीकडे वळवतंय. आणि तुम्ही काही बोलत नाही?"

मॅनेजरनं काचेतून बाहेर पाहिलं. बाई नव्यानं आलेल्या एका जोडप्याशी बोलत होत्या.

"काय बोलणार?" तो म्हणाला. "आमचा मुलगा गेला, तेव्हा गाडी मी चालवत होतो."