ओट्यावरचा कागद

कापसाच्या गाठी बांधायला लागणाऱ्या बारदानाचा भाव लिहून देवानंद जालन्याच्या जिनिंगवर गेला, की मालक भालचंद्रराव लांबूनच ओरडत, "तिथंच थांब! कागद ओट्यावर ठेव अन् मागं सरक." बाकीच्या व्यापाऱ्यांचे कागद मात्र ते हातोहात घेत.

त्र्याहत्तर साली जिनिंगमध्ये टेलेक्स आला. तारेवरून कागद आपोआप टाइप होऊन उतरायचा.

"आता औरंगाबादच्या तार ऑफिसातून भाव पाठवतो," देवानंद बायकोला म्हणाला. "माझा कागद थेट त्याच्या टेबलावर! कसा अडवतो, बघूच."

बेबीनंदा हसली. "मशीन थोडीच जात इचारती!"

भाव गेला. टेलेक्सवरच ऑर्डर आली. पुन्हा गेला, पुन्हा आली. देवानंद बारदानाचा ट्रक घेऊन ताठ मानेनं जिनिंगवर पोचला, तर मशीन खोलून पडलेलं. मुंबईहून आलेला मेकॅनिक आतला गंज पुसत होता आणि भालचंद्रराव त्याच्यावर खेकसत होते, "नवं मशीन असं सडतंच कसं? फसवून राह्यले तुम्ही लोक!"

मेकॅनिकनं बोट नाकाशी नेलं.



"शेठ, याच्यावर गोमूत्र कोण शिंपडतं?"